संसदेला न विचारता पैसा मिळतो तेव्हा

२०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत मोझांबिकमधल्या तीन सरकारी कंपन्यांनी परदेशी बँकांकडून मिळून सुमारे दोन अब्ज डॉलरचं कर्ज उचललं. एका कंपनीला ट्यूना मासे पकडायच्या बोटी घ्यायच्या होत्या, दुसरीला किनाऱ्यावर गस्त घालायची होती, तिसरीला जहाजदुरुस्तीचा कारखाना उभारायचा होता. तिन्ही कंपन्या नव्या कोऱ्या, धंद्याचा अनुभव शून्य. एरवी त्यांना कुठल्याही बँकेने दारातूनच परत पाठवलं असतं. पण या कर्जांमागे सरकारची हमी होती. कंपनीने पैसे बुडवले तर देशाची तिजोरी भरून देणार, असा त्या हमीचा अर्थ.

अशी हमी सरकारला मनाला येईल तेवढी देता येत नाही. वर्षभरात किती रकमेच्या हमी द्यायच्या याची मर्यादा मोझांबिकची संसद अर्थसंकल्पाच्या कायद्यात घालून देते. ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली गेली आणि संसदेला कुणी विचारलंसुद्धा नाही. तीनपैकी दोन कर्जं तर २०१६ पर्यंत लपूनच राहिली. ती उघड झाली तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मदत थांबवली, देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला मिळणारे पैसे रोखले आणि मेटिकाल हे तिथलं चलन कोसळलं. दोन अब्ज डॉलर म्हणजे त्या देशाच्या एका वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे १२ टक्के. ट्यूनाच्या बोटी राजधानी मापुतोच्या बंदरात गंजत पडल्या.

पुढे कर्ज देणाऱ्या क्रेडिट स्विस बँकेला २०२१ मध्ये जवळपास ४७.५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला आणि त्या काळचे अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. ही भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून बरीच सांगितली गेली. मला ती संसदेची गोष्ट वाटते. मोझांबिकच्या संसदेत २५० सदस्य आहेत. देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हापासून फ्रेलिमो हाच पक्ष सत्तेत आहे आणि त्याचंच तिथे बहुमत असतं. आपल्याला डावलून देश गहाण टाकला गेला हे कळल्यावर या बहुमताने काय केलं? त्या हमी सरकारच्या वार्षिक हिशेबात सामावून घेतल्या आणि तो हिशेब मंजूर केला. दाद मागायला नागरिकांच्या संघटनांना घटना परिषदेकडे, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत की नाही हे तपासणाऱ्या तिथल्या न्यायसंस्थेकडे, जावं लागलं. परिषदेने २०१९ आणि २०२० मध्ये या हमी रद्दबातल ठरवल्या.

ज्या सभागृहाचा हक्क हिरावला गेला, त्यालाच त्याचं सोयरसुतक नव्हतं. हे असं का होतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

पैशाची चार दारं

शाळेच्या पुस्तकात संसदेची कामं तीन असतात: कायदे करणं, सरकारवर लक्ष ठेवणं आणि लोकांचं प्रतिनिधित्व करणं. ते बरोबरच आहे, पण विकासाच्या प्रश्नाकडे बघताना मला पैशाचा माग काढणं जास्त उपयोगी वाटतं. सरकारी पैशाला चार ठिकाणी संसदेच्या दारातून जावं लागतं. कर बसवताना संसदेचा कायदा लागतो. खर्च करण्याआधी अर्थसंकल्प मंजूर व्हावा लागतो. कर्ज काढताना किंवा हमी देताना बहुतेक देशांच्या घटनेत संसदेची संमती सांगितलेली असते. आणि खर्च झाल्यावर महालेखापरीक्षकाचा अहवाल संसदेपुढे येतो, त्यावर लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारते.

युरोपातल्या संसदांना जोर आला तो यातल्या पहिल्या दारामुळे. राजाला लढाईसाठी पैसा हवा असायचा आणि तो जमीनदार-व्यापाऱ्यांच्या खिशात असायचा. मागायला गेलं की ते अटी घालायचे. पैशाची गरज हीच संसदेची खरी ताकद होती, तत्त्वं नंतर आली.

आता गरीब देशाकडे पाहू. इथे कर देऊ शकणारे लोक थोडे, बरीचशी अर्थव्यवस्था नोंदीबाहेरची. सरकारला पैसा मिळतो तो परदेशी मदतीतून, बाहेरच्या कर्जातून किंवा तेल आणि खनिजांच्या स्वामित्वधनातून. या तिन्हींचे करार मंत्रालयातल्या बंद खोलीत होऊ शकतात. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे तो वॉशिंग्टनमध्ये, लंडनमध्ये किंवा बीजिंगमध्ये बसलेला असतो, मतदारसंघात नसतो. म्हणजे सरकारला संसदेकडे हात पसरावा लागतच नाही. चारही दारं घटनेत असतात, पण पैसा मागच्या दाराने आलेला असतो.

इतिहासाचंही ओझं आहे. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक संसदांचा जन्म वसाहतींच्या काळातल्या विधिमंडळांतून झाला. गव्हर्नरने निर्णय घ्यायचा आणि या मंडळाने सल्ला द्यायचा, असा तो प्रकार होता. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरची खुर्ची राष्ट्राध्यक्षाला मिळाली, मंडळाची सवय मात्र तीच राहिली. १९६०च्या दशकापासून पुढे अनेक ठिकाणी एकपक्षीय राजवटी आल्या आणि संसदेचं काम नंदीबैलासारखी मान डोलावण्यापुरतं उरलं. १९९०च्या आसपास बेनिन, झांबियासारख्या देशांत बहुपक्षीय निवडणुका परत आल्या. तेव्हापासूनचा काळ जेमतेम साडेतीन दशकांचा. संसदेच्या वयात हा फार मोठा काळ नव्हे.

अर्थसंकल्प वाचायला किती दिवस?

अर्थसंकल्पावर संसदेचं नियंत्रण असतं, हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात काय हातात असतं? श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेची शिफारस आहे की आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी अंदाजपत्रक संसदेला द्यावं. केनियाच्या २०१०च्या घटनेने दोन महिन्यांची मुदत बांधून दिली आहे आणि तेही अनेकांच्या मानाने बरंच म्हणायचं. काही ठिकाणी हजारो पानांचे खंड खासदारांच्या टेबलावर येतात आणि काही आठवड्यांत मतदान होतं. खासदाराकडे संशोधक नसतो, अनेकदा स्वतंत्र कचेरीही नसते. सगळी आकडेवारी अर्थ मंत्रालयाची, तिचा अर्थ सांगणारेही अर्थ मंत्रालयाचेच.

युगांडाने यावर २००१ मध्ये एक चांगला उपाय केला. बिएट्रीस किरासो या खासदारांनी खासगी विधेयक आणलं आणि त्यातून संसदेचं स्वतःचं अर्थसंकल्प कार्यालय उभं राहिलं. तिथले अर्थतज्ज्ञ सरकारचे नाहीत, संसदेचे नोकर. सरकारने महसुलाचा अंदाज फुगवून सांगितला तर तो पहिल्यांदा तिथे पकडला जातो. नंतर केनियासह इतर देशांनीही असं कार्यालय काढलं. उद्घाटनाच्या फिती कापण्यासारखं यात काही नाही, पण संसद सुधारण्याच्या शंभर योजनांपैकी मला एकच निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. ज्याला आकडे समजत नाहीत, त्याने आवाज कितीही चढवला तरी अर्थमंत्री निवांत बसून राहू शकतो.

बदल करण्याचे अधिकारही सगळीकडे सारखे नाहीत. ब्रिटिश वळणाच्या संसदांत खासदार खर्च कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. फ्रेंच वळणाच्या देशांतही खर्च वाढवणारी किंवा महसूल घटवणारी सूचना खासदाराला करता येत नाही. याउलट नायजेरियात संसद स्वतःच्या हाताने रकमा घुसडते, असा आरोप २०१६ मध्ये गाजला होता. अधिकार कमी असला तर संसद निरर्थक ठरते, जास्त असला तर खिरापत वाटली जाते. मलावीत २००७ मध्ये आणखी वेगळंच झालं. राष्ट्राध्यक्षांनी निवडून आल्यावर पक्ष सोडून नवा काढला होता आणि अनेक खासदार त्यांच्यामागे गेले होते. त्या पक्षबदलूंच्या जागा आधी रिकाम्या करा, मगच अर्थसंकल्पाला हात लावू, असं विरोधक म्हणाले. कित्येक आठवडे देशाचा अर्थसंकल्प ओलीस राहिला. बलवान संसद म्हणजे आपोआप चांगला कारभार, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

हिशेब तपासणीचं तर बोलायलाच नको. लेखापरीक्षकाचे अहवाल उशिरा येतात, लोकलेखा समितीकडे वर्षानुवर्षांचा ढीग साचतो आणि समिती ज्या अधिकाऱ्याला बोलावते तो केव्हाच बदलून गेलेला किंवा निवृत्त झालेला असतो. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. तरीही या समितीला मी कमी लेखणार नाही. घानामध्ये तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असतं आणि २००७ पासून तिच्या सुनावण्या जनतेसमोर होतात. पैसे परत येवोत न येवोत, दूरचित्रवाणीवर घाम पुसणारा सचिव सगळा देश बघतो. याला किंमत आहे.

टांझानिया: एक चढण, एक उतार

संसद कशी उभी राहते आणि कशी बसवली जाते, हे दहा-बारा वर्षांच्या एकाच पट्ट्यात बघायचं असेल तर टांझानियासारखं उदाहरण नाही.

२००६ मध्ये तिथे दुष्काळामुळे धरणं आटली आणि विजेची भीषण टंचाई झाली. तातडीने वीज विकत घेण्याचं कंत्राट रिचमंड नावाच्या कंपनीला दिलं गेलं. कंपनीकडे ते काम करण्याची कुवतच नव्हती. संसदेने चौकशीसाठी खासदारांची खास समिती नेमली. अध्यक्ष हॅरिसन म्वाक्येंबे, सत्ताधारी सीसीएम पक्षाचेच खासदार. फेब्रुवारी २००८ मध्ये अहवाल सभागृहात आला आणि पंतप्रधान एडवर्ड लोवासा यांना राजीनामा द्यावा लागला, त्यांच्याबरोबर दोन मंत्री गेले. स्वातंत्र्यापासून एकाच पक्षाच्या ताब्यात असलेल्या देशात हे घडलं होतं.

कसं घडलं? विरोधी पक्ष तेव्हा किरकोळ होता. खरी फूट सत्ताधारी पक्षाच्या आत होती. सभापती सॅम्युअल सिट्टा स्वतःला पक्षाच्या कृपेवर नव्हे तर सभागृहाच्या प्रतिष्ठेवर मोठं करू पाहत होते. हे प्रत्येक वेळी तपासून बघावं असं आहे: दुबळी समजली जाणारी संसद अचानक दात दाखवते तेव्हा बहुतेकदा सत्ताधाऱ्यांचे दोन गट एकमेकांना भिडलेले असतात. संस्था त्या भांडणातून उभी राहते, नंतर भांडण मिटलं तरी थोडीफार सवय शिल्लक राहते. पक्षाने २०१० मध्ये सिट्टांना पुन्हा सभापती होऊ दिलं नाही, यातच सगळं आलं.

सवय मात्र खरंच उरली होती. २०१४ मध्ये तिथल्या केंद्रीय बँकेतल्या एका विशेष खात्यातून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम खासगी हातांत गेल्याचं प्रकरण लोकलेखा समितीने उचललं. या वेळी अध्यक्ष विरोधी पक्षाचे झिट्टो काब्वे होते. महालेखापरीक्षकाचा अहवाल हातात होता, चर्चा थेट प्रक्षेपित होत होती, देणगीदारांनी पैसे अडवून धरले होते. महाधिवक्त्याने राजीनामा दिला, एका मंत्र्याला काढलं गेलं, ऊर्जामंत्रीही पायउतार झाले. लेखापरीक्षक, समिती, थेट प्रक्षेपण आणि बाहेरचा दबाव या चार गोष्टी एकाच वेळी जुळल्या होत्या.

मग त्या एकेक करून उलट्या फिरवल्या गेल्या. जानेवारी २०१६ मध्ये नव्या सरकारने खर्चाचं कारण देत सरकारी वाहिनीवरून संसदेचं थेट प्रक्षेपण बंद केलं. पुढे महालेखापरीक्षक मुसा असाद यांनी एका मुलाखतीत संसदेच्या दुबळेपणाबद्दल मत मांडलं. सभापतींनी त्यांना समितीपुढे बोलावलं आणि एप्रिल २०१९ मध्ये संसदेने त्यांच्याबरोबर काम न करण्याचा ठराव केला. ज्या अधिकाऱ्याचा अहवाल हेच संसदेचं सगळ्यात धारदार हत्यार, त्यालाच संसदेने वाळीत टाकलं. त्याच वर्षी त्यांच्या जागी दुसरे आले. २०२० च्या निवडणुकीत सीसीएमने मतदारसंघांतल्या जवळपास सगळ्या जागा घेतल्या.

या सगळ्या काळात घटनेतली संसदेविषयीची कलमं जवळपास तीच होती, हे विसरू नये.

खासदाराला काय परवडतं?

आपण खासदारांना नावं ठेवतो, पण त्यांच्या जागी बसून हिशेब केला तर त्यांचं वागणं बरंच समजतं. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण आशियातल्या अनेक मतदारसंघांत लोक खासदाराकडे मुलाची फी, दवाखान्याचं बिल, अंत्यविधीचा खर्च, कुणाची नोकरी यासाठी येतात. सरकारची सेवा घरापर्यंत पोहोचत नसेल तर खासदार हीच सेवा होते. लोकलेखा समितीत तीन दिवस कागद चाळल्याबद्दल त्याला कुणी मत देत नाही, मयताला गेला नाही म्हणून मात्र पाडतात. मतदार चुकतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्याच्या घरी आज आजारी माणूस आहे, त्याला कर्जहमीच्या मर्यादेपेक्षा औषध जवळचं वाटणारच.

यातूनच मतदारसंघ विकास निधी जन्माला आला. केनियाने २००३ मध्ये कायदा करून सरकारी महसुलाचा किमान अडीच टक्के भाग मतदारसंघांना वाटायला सुरुवात केली. वर्गखोल्या झाल्या, रस्ते झाले, शिष्यवृत्त्या मिळाल्या. खोटं नाही. पण खर्चावर नजर ठेवायची ज्याची जबाबदारी, तोच खर्च करायला लागला तर त्याच्यावर नजर कुणी ठेवायची? केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हाच मुद्दा उचलून निधीचा २०१३चा कायदा घटनाबाह्य ठरवला. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१३ मध्ये, कोट्यवधींचा घोटाळा उघड झाल्यावर, तसाच निधी मोडीत काढला. निधी लोकप्रिय आहे, म्हणून तो या ना त्या नावाने परत येतो.

दुसरं बंधन पक्षाचं. बांगलादेशाच्या घटनेचं ७० वं कलम सांगतं की पक्षाविरुद्ध मतदान करणाऱ्याची खासदारकी जाते. भारतात १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. आमदार-खासदारांची खरेदी-विक्री थांबावी हा हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा की सत्ताधारी बाकांवरचा माणूस वीज कंत्राटावर शंका घेऊ शकतो, पक्षाविरुद्ध मत मात्र देऊ शकत नाही. आणि विरोधकांना आत बसून काही मिळत नाही असं वाटलं की ते सभात्याग करतात. बांगलादेशात १९९४ च्या शेवटी विरोधी खासदारांनी सामूहिक राजीनामे दिले आणि राजकारण रस्त्यावर गेलं.

तिसरी गोष्ट सरळ पैशाची. राष्ट्राध्यक्षपदासाठीची ७५ वर्षांची वयोमर्यादा काढायचं विधेयक युगांडात २०१७ मध्ये आलं, तेव्हा मतदारांशी 'सल्लामसलत' करण्यासाठी म्हणून प्रत्येक खासदाराच्या खात्यात २ कोटी ९० लाख शिलिंग जमा झाले. काहींनी ते परत केले. त्या आधी सभागृहात सुरक्षा दलाची माणसं घुसून विरोधी खासदारांना ओढून बाहेर काढण्याचा प्रकार झालाच होता. विधेयक डिसेंबरमध्ये मंजूर झालं.

तेलाचे पैसे: दोन कायदे

तिमोर-लेस्ते २००२ मध्ये स्वतंत्र झाला. समुद्रातल्या तेल-वायूशिवाय त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. २००५ मध्ये त्याने नॉर्वेच्या धर्तीवर पेट्रोलियम निधी काढला. तेलाचं सगळं उत्पन्न थेट निधीत जातं आणि दरवर्षी किती रक्कम काढायची हे संसद ठरवते. एकूण पेट्रोलियम संपत्तीच्या तीन टक्के ही टिकाऊ मर्यादा मानली आहे. सरकारला त्याहून जास्त हवे असतील तर ते देशाच्या दीर्घकालीन हिताचं कसं आहे, याचं स्पष्टीकरण संसदेला द्यावं लागतं. प्रत्यक्षात ही मर्यादा वर्षानुवर्षं ओलांडली गेली, संसदेनेच मंजुरी दिली. तेव्हा यशोगाथा म्हणून ढोल वाजवायची गरज नाही. पण किती काढलं, किती उरलं, कुणी मत दिलं हे सगळं उघड्यावर आहे, आणि तिथलं भांडण खऱ्या आकड्यांवर होतं.

चाडनेही कायदा केला होता, तोही तिमोरच्या आधी. जागतिक बँकेने चाडचं तेल कॅमेरूनमार्गे समुद्रापर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनला मदत करताना अट घातली, म्हणून १९९९ मध्ये संसदेने महसूल कायदा केला. मोठा वाटा आरोग्य, शिक्षण अशा कामांना, दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला. कागदावर नमुनेदार. २००३ मध्ये तेल वाहू लागलं. दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी यांना लष्करासाठी पैसे हवे होते, तर त्याच संसदेने पुढच्या पिढ्यांचा निधी मोडला आणि सुरक्षेला 'प्राधान्य क्षेत्रा'त बसवलं. त्याआधी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादाही तिने काढून टाकली होती. जागतिक बँकेने कर्ज रोखलं, भांडण झालं, तडजोड झाली आणि अखेर २००८ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली.

चाडचा कायदा बाहेरून आला होता. तो टिकावा असं देशाच्या आत कुणाला वाटत होतं, आणि वाटत असलं तर त्याची ताकद किती होती? कायदा संमत करायला एक बहुमत पुरतं, तो टिकवायला मात्र त्याच्या मागे कुणीतरी उभं राहावं लागतं.

आणि कर मागायची वेळ येते तेव्हा

बाहेरचा पैसा आटला की सरकार पुन्हा पहिल्या दाराशी येतं. अलीकडे कर्जाचे हप्ते चढले आणि अनेक देशांवर ही वेळ आली.

घानाच्या २०२० च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांना १३७-१३७ जागा मिळाल्या, एक अपक्ष. पुढच्या वर्षी सरकारने मोबाइलवरून पैसे पाठवण्यावर कर आणला. छोटे विक्रेते, गावी पैसे धाडणारे मजूर, सगळ्यांना तो झोंबणार होता. डिसेंबर २०२१ मध्ये सभागृहात शब्दशः हाणामारी झाली. जगभरच्या वाहिन्यांनी ती करमणूक म्हणून दाखवली, पण त्या अडवणुकीमुळे कराचा दर १.७५ वरून १.५ टक्क्यांवर आला आणि अनेक महिने देशभर त्याची चर्चा झाली. विरोधकांच्या सभात्यागात मार्च २०२२ मध्ये तो मंजूर झाला, अपेक्षेपेक्षा फार कमी उत्पन्न देऊन गेला आणि २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला.

केनियात बहुमत सरकारकडे भक्कम होतं. २०२४ च्या वित्त विधेयकावर समितीने लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं, पावावरचा मूल्यवर्धित कर वगैरे काही तरतुदी गळल्याही. बाकीचं विधेयक २५ जूनला १९५ विरुद्ध १०६ मतांनी पास झालं. मतदान संपतं ना संपतं तोच तरुणांचा जमाव संसदेच्या इमारतीत शिरला, एका भागाला आग लागली, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रूटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. सभागृहाने ज्या रागाचं भाषांतर दुरुस्त्यांमध्ये करायला हवं होतं, तो राग सभागृहाची दारं फोडून आत आला. लोकांनी संसदेचा निषेध केला, हे खरंच; पण दुपारी संसदेतच गेले, मंत्रालयात गेले नाहीत. कर लादायचा हक्क कुणाचा आहे, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

'संसद नसली तरी विकास होतोच की'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. रवांडाने गेल्या दोन-अडीच दशकांत आरोग्य आणि अर्थव्यवस्थेत मोठी मजल मारली, आणि तिथली संसद सरकारला अडवते असं कुणी म्हणणार नाही. तीच संसद २००८ मध्ये जगात पहिल्यांदा स्त्रियांचं बहुमत असलेली ठरली. स्त्री खासदारांनी लिंगाधारित हिंसेविरुद्धचा कायदा स्वतः मांडून संमत करून घेतला, जिथे जवळपास सगळी विधेयकं सरकारकडून येतात तिथे ही मोठीच गोष्ट. म्हणजे प्रतिनिधित्वाचं काम संसद करू शकते आणि जाब विचारण्याचं करत नाही, असंही असू शकतं.

माझं उत्तर एवढंच: कर्तबगार आणि प्रामाणिक सरकार मिळालं तर दुबळ्या संसदेचं नुकसान दिसत नाही. पण सरकार चुकतं तेव्हा चूक किती लवकर उघडी पडते हा प्रश्न उरतो. लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळबळींचा प्रसंग ओढवत नाही, हे अमर्त्य सेन यांचं निरीक्षण याच जातीचं आहे. मापुतोत कुणीतरी बोटींचा खर्च सभागृहात विचारला असता तर मच्छीमारीचा धंदा सुधारला नसता, पण हमीची कागदपत्रं तीन वर्षं दडून राहिली नसती.

देणगीदारांचाही यात वाटा आहे. १९९९ नंतर कर्जमाफीच्या बदल्यात गरीब देशांकडून दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजना लिहून घेतल्या गेल्या. त्यात स्वयंसेवी संस्थांच्या कार्यशाळा पुष्कळ झाल्या, संसदा मात्र बाजूला राहिल्याची टीका तेव्हाच झाली. अनेक प्रकल्पांचे पैसे आजही अर्थसंकल्पाच्या बाहेरून येतात, स्वतंत्र खात्यात राहतात, स्वतंत्र अहवाल दिला जातो, तोही देणगीदाराला. परदेशी मदत कशी द्यावी-वापरावी याबद्दल देणारे आणि घेणारे देश एकत्र बसले, तेव्हा २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात आणि विशेषतः २००८ च्या अक्रा कृतिकार्यक्रमात संसदांची भूमिका मान्य केली गेली. खासदारांच्या अभ्यासदौऱ्यांवर खर्चही झाला. पण ज्या कराराची प्रत संसदेला दिलीच जात नाही, त्याच्यावर अभ्यासदौरा करून आलेला खासदारही काय बोलणार?

झांबियाने २०१६ मध्ये घटनेत दुरुस्ती करून स्पष्ट लिहिलं की सार्वजनिक कर्ज घेण्याआधी ते संसदेने मंजूर केलं पाहिजे. कर्जाचा जुना कायदा मात्र बदलला नाही आणि सरकार त्याच्याच आधारे सह्या करत राहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये देशाने परदेशी रोख्यांचे हप्ते थकवले. करोनाच्या साथीत कर्ज बुडवणारा आफ्रिकेतला तो पहिला देश ठरला. सार्वजनिक कर्ज व्यवस्थापनाचा नवा कायदा २०२२ मध्ये आला. त्यानुसार वर्षभरात काढायच्या कर्जाचा आराखडा आता आधी संसदेपुढे ठेवावा लागतो, म्हणजे दोन अर्थसंकल्पांच्या मधे गुपचूप सही केलेलं कर्ज त्या यादीत नाही, हे एखाद्या विरोधी खासदाराला किंवा वार्ताहराला नुसता कागद जुळवून सांगता येईल.